चारही पाय जमिनीवर

३ फेब्रुवारी, सोमवार

दातांच्या डॉक्टरने आज माझ्या तोंडात आरसा, नळी आणि स्वतःची दोन बोटं घालून मला इतिहास शिकवला. मला! आणि तोही माझ्याच बापाने केलेल्या घोड्यावरून!

म्हणे, पुतळ्यातल्या घोड्याचा पुढचा पाय हवेत असला की समजायचं, स्वार लढाईत मेला. चारही पाय जमिनीवर असले की अंथरुणात मेला. "आपल्या चौकातल्या सेनापतींचा घोडा आठवा. चारही पाय खाली! एवढा मोठा माणूस, आणि शिल्पकाराने अपमानच केला की हो." मग जरा थांबून, समजूत घातल्यासारखं, "तुमच्या वडिलांना माहीत नसेल."

मी जोरात "आँ आँ" केलं. त्याला वाटलं दुखतंय. त्याने आणखी एक इंजेक्शन ठोकलं.

घरी आले तेव्हा अर्धा चेहरा बधिर, आणि राग उरलेल्या अर्ध्यात मावेना. असला कुठलाही नियम नाही! कधीच नव्हता! घोड्याचा पाय कुठे ठेवायचा ते ठरतं धातू किती मिळाला, चौथरा केवढा आहे, पुतळा मागणाऱ्याची हौस किती आणि ओतणाऱ्याची छाती किती, यावर. चार गावं फिरून चार पुतळे बघितले तरी हा नियम मोडलेला दिसेल. पण बघायचं कोणी? फोनवर आलंय ना, मग संपलं!

५ फेब्रुवारी

सूज उतरली. राग नाही.

त्यातून घोडा वर्कशॉपच्या मधोमध उभा, त्याला वळसा घातल्याशिवाय चहासुद्धा करता येत नाही. नगरपालिकेने मागच्या महिन्यात क्रेनने उतरवून आणून दिलाय. मागच्या डाव्या पायाला तडा गेलाय, आणि पोटात पाणी झिरपून आतला लोखंडी सांगाडा गंजलाय. स्वार वेगळा काढावा लागला. सेनापती सध्या जुन्या टायरांवर आडवे आहेत, तलवार छताकडे रोखून. वेल्डर सकाळी आला की त्यांना सलाम ठोकतो आणि मग त्यांच्या बुटाला आपला डबा अडकवतो.

बाबांनी हा पुतळा ओतला तेव्हा मी शाळेत होते. मेणाचा घोडा आधी उभा राहिला होता, याच जागी. बाबा आता वरच्या खोलीत असतात. पावसाळ्यापासून जिना उतरलेले नाहीत. पण कान अजून खालीच! मी काम करत असले की वरून ओरडतात, "कानस बोथट झालीय, बदल!" आणि ती झालेलीच असते.

घोडा खाली आलाय ते त्यांना माहीत आहे. तडा बुजवायचा, गंज काढायचा, परत चढवायचा. एवढंच काम आहे. एवढंच.

८ फेब्रुवारी, शनिवार

एवढंच नाही!

पुतळा समितीचे अध्यक्ष आले. सोबत सेनापतींचे पणतू. पणतूंचं बुटांचं दुकान आहे. तसा सरळ माणूस, चावणारा बूट कुणाच्या गळ्यात मारत नाही. पण पणजोबांचा विषय निघाला की त्यांची छाती दोन नंबरांनी मोठी होते.

अध्यक्ष घोड्याभोवती फिरले, त्याला थोपटलं. म्हणाले, "ताई, दुरुस्ती चाललीच आहे, तर एक छोटंसं काम. पुढचा एक पाय जरा वर घ्या."

"जरा म्हणजे?"

"असा. गुडघ्यात वाकवून. रुबाबदार." आणि स्वतःचा पाय उचलून दाखवला. खुर्चीला धरून.

जसं काही मी टेबलाचे पाय खालीवर करून देते! मी सांगितलं, नियम खोटा आहे. पणतूंनी फोन पुढे केला. "सगळीकडे तसंच लिहिलंय." सगळीकडे म्हणजे त्याच एका मेसेजमध्ये, सतरा जणांकडून आलेल्या. खाली लिहिलेलं, ‘शंभर टक्के खरी माहिती, जास्तीत जास्त लोकांना पाठवा.’ खऱ्या माहितीला असं कपाळावर लिहून दारोदार फिरावं लागत नाही, असं मी म्हणाले. अध्यक्ष हसले. पणतू हसले नाहीत.

"माझ्या नातवाला शाळेत चिडवतात," ते म्हणाले. "गादीवरचा सेनापती म्हणतात. परवा रडत घरी आला. नियम खोटा असेल ताई, त्याचं रडणं खोटं नव्हतं."

यावर मला उत्तर सुचलं नाही. ते गेल्यावर सुचलं. नेहमीसारखं.

९ फेब्रुवारी

सुचलेलं उत्तर : मग त्या पोरांना सांगा ना, की नियम खोटा आहे! घोडा कापण्यापेक्षा ते सोपं आहे!

११ फेब्रुवारी

आणि खरा वैताग तर पुढेच आहे. नियम खोटा, पण आमच्या घोड्याच्या बाबतीत तो चुकून खरा निघतो! सेनापती खरोखरच अंथरुणात गेले! कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ.

मुद्दाम चौकात जाऊन आले. रिकाम्या चौथऱ्यावर कबुतरांची सभा भरलेली. खाली दगडात कोरलंय : जन्मसाल, मृत्यूसाल आणि शेवटच्या लढाईचं साल. हातच्या कांकणाला आरसा कशाला? वजाबाकी करा! लढाई संपून तह झाला, सगळे आपापल्या घरी गेले, आणि त्यानंतर अकरा वर्षांनी हा माणूस म्हणे लढाईत मेला!

तिथून मागच्या गल्लीत गेले. त्यांचं घर अजून आहे. भिंतीवर पाटी आहे, ‘याच घरात दीर्घ आजाराने त्यांचे निधन झाले.’ त्या पाटीच्या बरोबर खाली चष्म्याचं दुकान! गावातली सगळी अधू नजर तिथून नवा चष्मा लावून बाहेर पडते आणि मान वर करत नाही.

त्या अकरा वर्षांत सेनापतींनी काय केलं, विचारा कोणालाही. कोणालाही माहीत नाही. नळ आणले! टेकडीवर टाकी बांधून घेतली, नळ घरोघर नेले. म्हातारा माणूस, दुखणं अंगावर काढून, खणलेल्या चरांच्या काठाने काठी टेकत फिरायचा. आज सकाळी अख्ख्या गावाने त्याच्या कृपेने दात घासले. पण तलवारीला जो मान आहे तो तोटीला नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

समितीची बैठक. नगरपालिकेचा हॉल, डगमगणाऱ्या खुर्च्या, पंख्याचा खडखडाट. मी चौथऱ्याचा आणि पाटीचा फोटो घेऊन गेले होते. भोळी आशा! वाटलं, दाखवलं की झालं.

दाखवलं. वजाबाकी मोठ्याने करून दाखवली. हॉलमध्ये शांतता. मला वाटलं, जिंकले.

मग अध्यक्ष म्हणाले, "बरोबर आहे ताईंचं. विसंगती आहे खरी. मृत्यूचं साल काढून टाकू."

काढून टाकू! दगडावरून! "छिन्नीचं काम, दोन मिनिटं लागतील," असं कोणीतरी मागून म्हणाला. दुसऱ्याने माहिती दिली की चष्मेवाला तसाही मोठा बोर्ड लावणार आहे, पाटी आपोआप झाकली जाईल. सगळ्यांना किती हायसं वाटलं! मी उभीच होते, फोटो हातात धरून. चोराने घरात शिरल्यावर मालकालाच बाहेर जायला सांगावं, तसं झालं माझं.

मी म्हणाले, "अहो, आजारी पडून गेले ते. त्यात लाज कसली?"

पणतू ताडकन उठले. "अंथरुणात काय, कोणीही मरतं! माझे पणजोबा कोणीही नव्हते!"

टाळ्या. खरंच टाळ्या वाजवल्या लोकांनी.

त्यानंतर अध्यक्षांनी तो पेच टाकला. अगदी गोड आवाजात. "ताई, तुम्हीच म्हणता की पायाला काही अर्थ नसतो. मग वर घेतला काय, खाली ठेवला काय, तुमचं काय बिघडतं?"

काय बिघडतं! नियम खोटा म्हटलं तर पाय उचला. नियम खरा म्हटलं तर... तरी पाय उचला! इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये माझा घोडा.

"तुम्हाला जमत नसेल तर सांगा," जाता जाता अध्यक्ष म्हणाले. "हायवेवर तो डायनासोरवाला आहे. लगेच करून देतो म्हणालाय."

१५ फेब्रुवारी

डायनासोरवाला!! हॉटेलांपुढे सिमेंटचे डायनासोर आणि पत्र्याच्या किटल्या उभ्या करणारा! त्याच्या एका डायनासोरला सहा बोटं आहेत! तो बाबांच्या घोड्याला हात लावणार!

१८ फेब्रुवारी

वहिनी जेवायला आल्या होत्या. जेवताना म्हणाल्या, पूर्वीची माणसं तिशीतच म्हातारी होऊन मरायची. मी घास खाली ठेवला. त्यांना सांगितलं की तान्ही मुलं फार जायची, म्हणून सरासरी खाली यायची. जी पोरं वाचायची ती पुढे सत्तरीसुद्धा गाठायची. सरासरी म्हणजे काय, ते ताटातल्या पोळ्या वाटून दाखवलं. वहिनी "असं होय" म्हणाल्या. आणि भात वाढून घेताना म्हणाल्या, "पण काही म्हणा, पूर्वीचं अन्न सकस. माणसं शंभर-शंभर वर्षं जगायची."

एकाच जेवणात पूर्वजांना तिशीत मारलं आणि शंभरीपर्यंत जगवलंसुद्धा!

त्या गेल्यावर मुलगी माझ्यावर उखडली. "आई, जगाला सुधारायचा मक्ता घेतलायस का तू? मागे त्या संग्रहालयात पण तेच केलंस."

केलंच होतं. तिथला माणूस बारकं चिलखत दाखवून सांगत होता की पूर्वीची माणसं ठेंगणी. अरे, मोठ्यांची चिलखतं वापरून झिजली, मोडली, वितळवून दुसरं काही केलं त्यांचं. राहिली ती पोरासोरांची, कपाटात ठेवलेली! उद्या माझ्या घरात माझ्या लेकीचे बाळबूट सापडले तर म्हणाल, या घरात बुटके राहायचे!

"बरं," मुलगी म्हणाली. "पण आजोबांना विचारलंस का? घोडा त्यांचा आहे ना?"

नाही विचारलं. धीर होत नाही. त्यांना काय सांगू? की तुमचा थकलेला घोडा आता तोऱ्यात पाय उचलणार आहे? लढाई संपलीय, माणूस आणि जनावर दोघं घरी परतलेत, आता चारही पाय टेकून निवांत उभं राहायचं, म्हणून बाबांनी तो तसा केला. मी लहानपणापासून सांगत आलेय हे. शाळांच्या सहली येतात त्यांना सांगते, पेपरवाल्यांना सांगितलं, पुतळ्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा स्टेजवरून सांगितलं. बायका डोळे पुसत होत्या.

२० फेब्रुवारी

सांगितलं आज. दुपारी, बाबांना उशा लावून बसवल्यावर.

"घोड्याचा पाय वर घ्या म्हणतात."

"कुठला?"

"पुढचा उजवा."

"का?"

सगळं सांगितलं. नियम, मेसेज, बैठक, छिन्नी. बाबा हसायला लागले, हसता हसता खोकायला लागले. मला पाठ चोळावी लागली. मी म्हणाले, "हसताय काय? तुम्हीच सांगा त्यांना, का खाली ठेवलेत पाय. लढाई संपली, थकलेला घोडा—"

"कोण थकलेला?"

"घोडा."

"अगं, घोडा कसला थकतोय! खड्डा उथळ होता."

मला कळेचना. बाबांनी मग हाताने हवेत खड्डा काढून दाखवला. साचा जमिनीत पुरून वरून धातू ओतायचा. मान आणि धड त्यांनी एकत्र ओतलं. पाय उचललेला घोडा मान वर घेतो, आणि मान वर गेली की साचा खड्ड्याबाहेर. खड्डा आणखी खणावा तर खाली पाणी लागलेलं. "भट्टी पेटलेली, माणसं उभी, आणि समितीला तारीख हवी. मग घोड्याला म्हटलं, बाबा रे, मान खाली घाल आणि गप उभा राहा."

"म्हणजे थकलेला, घरी परतलेला, असं काही—"

"उद्घाटनाला तुझ्या आईला कोणीतरी विचारलं, घोडा एवढा शांत का. ती म्हणाली, दमला असेल बिचारा. दुसऱ्या दिवशी पेपरात मोठ्या अक्षरात! छान होतं वाक्य. मी कशाला खोडू?"

बाबा अजून हसत होते. मग एकदम गंभीर झाले. मला वाटलं माझ्यासाठी. पण नाही, घोड्यासाठी.

"पाय एकटा उचलता येत नसतो, बये. एक उचलला की बाकीच्या तीन पायांवर भार सरकतो. मान बदलते, खांदा बदलतो, पाठ बदलते. नुसता पाय वर केलास तर घोडा दिसणार नाही. हात दे म्हटल्यावर पंजा देणारं कुत्रं दिसेल."

"मग काय करू?"

"सांग त्यांना हे." डोळे मिटले त्यांनी. मग मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "आणि नाहीच ऐकलं, तर तू काप. वरून, खांद्याच्या रेषेत, म्हणजे जोड दिसणार नाही. त्या किटलीवाल्याला हात लावू देऊ नको."

२१ फेब्रुवारी

खड्डा उथळ होता!

आणि मी दातांच्या डॉक्टरवर चिडले होते. स्टेजवरून सांगितलं मी! बायकांना रडवलं! आईचं एक वाक्य, पेपरवाल्याची दोन, आणि उरलेला सगळा मीठमसाला माझा. एकदाही बाबांना विचारलं नाही. ते वर होते, जिवंत, रोज कानस बदल म्हणून ओरडत, आणि मी विचारलं नाही. कारण मला गोष्ट आवडली होती. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात ते हेच.

पण म्हणून काय पाय उचलायचा? अजिबात नाही! मी चुकले म्हणून ते बरोबर होत नाहीत!

२४ फेब्रुवारी

अध्यक्षांकडे गेले. मान, खांदा, भार, सगळं सांगितलं. कागदावर घोडा काढून दाखवला. वर हेही सांगितलं की मागचा पाय आधीच तडकलाय, पुढचा एक उचलला तर त्या तडकलेल्या पायावर किती ओझं येईल.

"ताई," ते म्हणाले, "लोकांना मान कळत नाही. पाय कळतो."

आणि कहर म्हणजे मी तिथे बसलेली असतानाच पणतूंचा फोन आला. मेसेजची नवी आवृत्ती निघालीय! नव्या माहितीनुसार एक पाय वर म्हणजे नुसता जखमी. लढाईत मरण यायचं असेल तर दोन्ही पाय वर लागतात! पणतूंचं म्हणणं, दोन्ही घ्या!

दोन्ही! आता घोडा मागच्या पायांवर उभा करा, त्यातला एक तडकलेला! मी विचारलं, पुढच्या आठवड्यात मेसेजमध्ये चारही पाय वर आले तर काय करायचं? सेनापतींना दोरीने टांगायचं?

अध्यक्षांनाही जड गेलं ते. फोनवर बराच वेळ घासाघीस चालली. शेवटी फोन बाजूला धरून माझ्याकडे वळले आणि अगदी काकुळतीने म्हणाले, "तडजोड करा ताई. निदान जखमी तरी."

मी उठून आले. घरी येऊन हसले. हसताना रडूच यायला लागलं.

२७ फेब्रुवारी

बाबांना ताप. खोकला छातीत उतरलाय. डॉक्टर म्हणाले, हॉस्पिटलमध्ये न्यायचं तर नेऊ, पण या वयात फार फरक पडेल असं नाही. बाबांनी ऐकलं. "मी कुठेही जाणार नाही," म्हणाले. "खाली काम चालू आहे."

मी वेल्डरला मशीन बंद ठेवायला सांगितलं, तर बाबा अस्वस्थ. आवाज का थांबला, विचारत राहिले. परत सुरू करायला लावलं. मग झोपले.

१ मार्च, शनिवार

समितीचा निरोप आला. बुधवारपर्यंत पायाचं काम सुरू झालेलं नसलं तर ट्रक येईल आणि घोडा हायवेवर जाईल.

जाऊ देणार नाही. ठरवलं. मीच कापणार. मनापासून सांगते, मला शरम वाटतेय. एका गावाला वजाबाकी पटवता आली नाही. खोट्याला खोटं म्हणायला निघाले आणि आता त्याच खोट्याला माझ्या हाताने वेल्डिंग करून देणार, तेही जोड दिसू नये याची काळजी घेऊन! पण दुसऱ्या कोणाच्या हातून विद्रूप झालेला घोडा रोज चौकात बघण्यापेक्षा हे बरं. बरं कसलं! कमी वाईट.

खडूने खांद्यावर रेघ मारली. बाबांनी सांगितली होती तिथे. वेल्डर शेजारी उभा होता.

वर गेले तर बाबांनी विचारलं, "मारलीस रेघ?" त्यांना कसं कळलं कोण जाणे. खडूचा काही आवाज येत नाही.

३ मार्च

बाबा गेले. सकाळी. मी चमच्याने पाणी देत होते. दोन चमचे घेतले, तिसऱ्याला मानेनेच नको म्हणाले. त्यांचा हात माझ्या हातात होता. मशीन खाली चालू होतं.

५ मार्च

ट्रक आला नाही. एवढी लाज शिल्लक आहे म्हणायची.

आज काही लिहिणार नव्हते. लोक येताहेत, जाताहेत. कोणी म्हणतं बाबा पंचाण्णव वर्षांचे होते, कोणी म्हणतं नव्वद. सत्याऐंशी! मी कोणाला सुधारत नाही.

९ मार्च

पणतू भेटायला आले. दुकान बंद करून, एकटेच. वरच्या खोलीत बाबांच्या पलंगासमोर बसले. मग सगळे म्हणतात तेच म्हणाले. "त्रास नाही ना झाला फार? आपल्या घरात, आपल्या माणसांत, लेकीच्या हातचं पाणी पिऊन... ताई, भाग्यवान माणूस. असं अंथरुणावर शांतपणे जाणं—"

आणि थांबले.

ते पलंगाकडे बघत राहिले, मग आपल्या हातांकडे. चहा निवून गेला.

खाली आले तेव्हा घोड्याशेजारी उभे राहून म्हणाले, "पाय राहू द्या तसाच. साल पण राहू दे. समितीला मी सांगतो. नातवालाही मीच सांगतो." दारापर्यंत गेले आणि वळले.

"ताई, तुम्ही एवढं शोधून काढलंत. शेवटी माझ्या पणजोबांच्या उशाशी कोण होतं हो?"

मला सांगता आलं नाही. मी ते कधी शोधलंच नव्हतं.